पाच हजार यार्ड, तीस इंटरसेप्शन: जेमीस विन्स्टन आणि टॅम्पाचे वैतागलेले चाहते, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत नव्याने आलेल्या किंवा भारतात रात्री जागून एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग बघणाऱ्या मराठी मंडळींचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. आपल्या टीमचा क्वार्टरबॅक दर रविवारी बॉल समोरच्यांच्या हातात देत असेल तर त्याला ठेवावा की काढावा, हा त्यातला मुख्य. उत्तरांसाठी इथे एकच उदाहरण घेतलंय: टॅम्पा बे बकनीअर्स (बक्स) या टीमचा क्वार्टरबॅक जेमीस विन्स्टन आणि त्याचा २०१९चा हंगाम. याहून अस्सल नमुना लीगच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

हे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नव्हे ना?

नव्हे. हे हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन खेळायचं अमेरिकन फुटबॉल. पाय लागतो तो किकपुरता.

अकरा जण खेळतात, मग सगळे एकट्या क्वार्टरबॅकच्या नावाने का ओरडतात?

कारण जवळजवळ प्रत्येक चालीत बॉल आधी त्याच्या हातात येतो. आक्रमण करणाऱ्या टीमला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. बॉल पळणाऱ्याच्या पोटात द्यायचा, कुणाला फेकायचा की स्वतःच घेऊन सुटायचं, हे मैदानात तोच ठरवतो. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरवरून त्याला ऐकू येतो, पण चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर तो एकटा. बॉल हातात आल्यावर विचार करायला अडीच-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात.

पगारही त्याच हिशोबाने. टीममधला सगळ्यात महाग माणूस बहुतेक वेळा तोच असतो, त्यामुळे शिव्यांचा मोठा वाटाही त्याच्याच पदरी.

टर्नओव्हर म्हणजे काय? एक बॉल गेला तर एवढा त्रागा कशासाठी?

टर्नओव्हर म्हणजे आपली पाळी चालू असताना बॉल समोरच्यांकडे जाणं. हे दोन प्रकारे होतं. फेकलेला पास त्यांच्या खेळाडूने झेलला तर इंटरसेप्शन, हातातला बॉल निसटून त्यांच्या ताब्यात गेला तर गमावलेला फंबल.

एका सामन्यात एका टीमला साधारण अकरा-बारा वेळाच बॉल मिळतो. त्यातली एक पाळी फुकट गेली की स्वतःचे संभाव्य गुण जातात, वर समोरच्याला बरेचदा मोक्याच्या जागी बॉल मिळतो. आकडेमोड करणारी मंडळी एका टर्नओव्हरची किंमत ढोबळ मानाने चार गुणांच्या आसपास धरतात. चुरशीचे बरेच सामने याहून कमी फरकाने सुटतात.

सगळ्यात जहाल प्रकार म्हणजे पिक-सिक्स. समोरचा पास झेलतो आणि तसाच पळत जाऊन आपल्यावरच टचडाउन करतो, म्हणजे बॉल आपल्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्यात नेतो, सहा गुण. आपला बचाव त्या वेळी बाकावर बसून पाणी पीत असतो. टॅम्पाच्या रेमंड जेम्स स्टेडियममध्ये एक भलंमोठं चाच्यांचं जहाज बांधलेलं आहे आणि बकनीअर्सनी गुण मिळवले की त्यावरच्या तोफा धडाडतात. पिक-सिक्स झाला की तोफा गप्प आणि पासष्ट हजार माणसं एकमेकांकडे बघत उभी.

विन्स्टनच का? वाईट क्वार्टरबॅक तर ढिगाने झाले.

नुसता वाईट असता तर प्रश्नच नव्हता. वाईट क्वार्टरबॅकला काढतात आणि लोक विसरून जातात.

विन्स्टन २०१३चा हाइसमन विजेता, म्हणजे त्या वर्षीचा कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. फ्लोरिडा स्टेटला त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात तेव्हा, बकनीअर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. पहिल्याच हंगामात त्याने ४,०४२ यार्ड फेकले, म्हणजे त्याच्या पासांवर टीम तेवढी पुढे सरकली. टॅम्पा सोडताना पासिंगचे यार्ड आणि टचडाउन, दोन्हींचे टीमचे विक्रम त्याच्या नावावर होते. तोच माणूस पाच वर्षांत ८८ इंटरसेप्शन देऊन गेला. टॅम्पात तो ७० सामन्यांत पहिल्यापासून उतरला, त्यातले टीमने २८ जिंकले आणि ४२ हरले.

माझं मत विचाराल तर चाहत्यांना २०१९च्या ३० इंटरसेप्शनांनी छळलं त्याहून जास्त ३३ टचडाउनांनी छळलं. ते नसते तर ऑक्टोबरातच सगळ्यांनी हात झटकले असते. दर आठवड्याला दोन-तीन पास असे यायचे की वाटायचं, गाडी लागली रुळावर. आणि पुढच्या पाळीत येरे माझ्या मागल्या.

२०१९चा हंगाम नेमका कसा गेला?

आकडे आधी: ६२६ पास, ५,१०९ यार्ड, ३३ टचडाउन, ३० इंटरसेप्शन. एकाच हंगामात ३० टचडाउन आणि ३० इंटरसेप्शन करणारा लीगच्या इतिहासातला हा पहिला खेळाडू. सात पिक-सिक्स, तोही एका हंगामातला विक्रम. शिवाय पाच फंबल गमावले. टीमने वर्षभरात ४१ वेळा बॉल घालवला, त्यातले ३५ एकट्याचे.

पहिला सामना ८ सप्टेंबरला, ऐन गणपतीत. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध तीन इंटरसेप्शन, त्यातली दोन थेट पिक-सिक्स, ३१-१७ हार. सुरुवातच अशी. तीन आठवड्यांनी लॉस एंजलिसमध्ये रॅम्सविरुद्ध ३८५ यार्ड, चार टचडाउन आणि ५५-४० असा विजय. रॅम्स आदल्या हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळलेली टीम होती, त्यामुळे टॅम्पात आनंदीआनंद. त्या विजयातही एक पिक-सिक्स होताच, पण जिंकल्यावर कोण मोजतं.

मग १३ ऑक्टोबर, लंडन, टॉटनहॅमचं नवं स्टेडियम. भारतात संध्याकाळचे सात वाजलेले आणि नेमकी कोजागिरी. एनएफएलचा सामना जागरण न करता बघायला मिळण्याचा दुर्मीळ योग, म्हणून इथल्या अनेकांनी विन्स्टनला पहिल्यांदा लाइव्ह पाहिलं ते याच दिवशी. त्याने ४०० यार्ड फेकले. सोबत पाच इंटरसेप्शन, एक गमावलेला फंबल आणि सात सॅक, म्हणजे सात वेळा पास सुटण्याआधीच त्याला आडवा पाडलं. कॅरोलिना ३७-२६ने जिंकली. मसाला दूध आटेपर्यंत सामन्याचा निकाल लागलेला होता.

टीम ३-७ (तीन विजय, सात पराभव) अशी गाळात गेली आणि तिथून सलग चार सामने जिंकली. त्यातला ८ डिसेंबरचा इंडियानापोलिसविरुद्धचा सामना ज्याला विन्स्टन समजून घ्यायचाय त्याने जरूर पाहावा. तीन इंटरसेप्शन, त्यातलं एक डॅरियस लेनर्डने ८० यार्ड पळत टचडाउनपर्यंत नेलं. त्यात विन्स्टनच्या उजव्या अंगठ्याच्या हाडाला तडा गेला. आणि एवढं होऊन ४५६ यार्ड, चार टचडाउन, ३८-३५ असा विजय. पुढच्या रविवारी डेट्रॉइटविरुद्ध ४५८ यार्ड. लागोपाठ दोन सामन्यांत ४५०च्या वर यार्ड त्याच्याआधी कुणीही फेकले नव्हते.

७-७ झाल्यावर लोक पुन्हा आशेला लागले. ह्यूस्टनविरुद्ध चार इंटरसेप्शन आणि तीन गुणांनी हार. शेवटचा सामना २९ डिसेंबरला अटलांटाशी, २२-२२ अशी बरोबरी, जादा वेळ. पहिलीच चाल, मैदानाच्या मध्यात आखूड पास, लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) डीऑन जोन्स मध्ये घुसला, बॉल घेतला आणि २७ यार्ड पळत टचडाउन. सामना संपला, हंगाम संपला, इंटरसेप्शनचा आकडा ३०वर गेला आणि विन्स्टनची टॅम्पातली कारकीर्दही तिथेच संपली. २०१५मधला त्याचा लीगमधला पहिलावहिला पासही पिक-सिक्सच होता. असं कुणी कथेत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

एवढा गुणी खेळाडू त्याच त्याच चुका कशा करतो?

प्रत्येक टीव्ही पॅनेलवर याचं एक वाक्यातलं उत्तर मिळतं: निर्णयक्षमता नाही. त्याने काहीच कळत नाही.

त्याचे पास नीट पाहिले तर एक नमुना दिसतो. त्याची नजर लांब असते. मागे खोलवर उभे असलेले दोन सेफ्टी, म्हणजे शेवटचे बचावपटू, कुठे सरकतायत हे तो बघतो, त्यांच्यामधली फट बरोबर हेरतो आणि बॉल सोडतो. पण मधल्या पट्ट्यात, दहा-बारा यार्डांवर, एक लाइनबॅकर मागे सरकत येत असतो. तो विन्स्टनच्या हिशोबात नसतोच. त्याला रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्याकडे, बघायचीही गरज नसते, तो फक्त विन्स्टनच्या डोळ्यांकडे बघतो. डोळे जिकडे खिळले तिकडे दोन पावलं टाकायची आणि हात वर करायचे. लेनर्ड आणि जोन्स दोघेही लाइनबॅकर, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

दुसरं, त्याला चाल सोडून देता येत नाही. समोरून दोघे अंगावर आलेत, एकाने पाय धरलाय, अशा वेळी शहाणा क्वार्टरबॅक बॉल मैदानाबाहेर भिरकावतो किंवा मुकाट्याने खाली बसतो. सात-आठ यार्ड जातात, बॉल राहतो. विन्स्टन अजून हातपाय झाडत उभा असतो आणि पडता पडता फेकतो. यातले काही पास टचडाउन झाले आणि वर्षभर रील बनून फिरले. ज्या फटक्यावर षटकार, त्याच फटक्यावर बाद होणारा फलंदाज आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याला तो फटका सोड म्हणून सांगणं किती निरुपयोगी असतं, हेही माहीत आहे.

तिसरी गोष्ट प्रशिक्षकाची. २०१९ला आलेले ब्रूस एरियन्स लांब पासांचे भक्त. त्यांच्या पद्धतीत रिसीव्हर खोल पळतात, पास सुटायला वेळ लागतो, सोप्या आखूड पर्यायांना मान कमी. सावध क्वार्टरबॅकला ही पद्धत धीट करते. मुळात धीट असलेल्याला ती काय करते, ते त्या वर्षी दिसलं.

त्याला नीट दिसत नव्हतं, हे खरं आहे का?

त्याला लांबचं कमी दिसायचं, हे खरं. स्कोअरबोर्ड वाचता येत नाही पण समोरची माणसं दिसतात, अशा अर्थाचं एरियन्स स्वतः बोलले होते. २०२०च्या सुरुवातीला त्याने डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया करून घेतली आणि महिनाभर विनोदांना ऊत आला. पण मागे सरकणारा लाइनबॅकर न दिसणं ही नंबरच्या चष्म्याने सुटणारी अडचण वाटत नाही. नंतर त्याच्या पिक-सिक्सांचं काय झालं ते खाली येईलच.

सगळा दोष त्याच्यावर टाकणं अन्यायाचं नाही का?

थोडं आहे. त्याला त्या हंगामात ४७ वेळा सॅक केलं गेलं. शेवटच्या दोन सामन्यांत माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन हे दोन्ही मुख्य रिसीव्हर जखमी होऊन बाहेर होते. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २८-१० अशी आघाडी टीमने मिळून घालवली, आणि तरीही विन्स्टनने शेवटच्या मिनिटात बॉल गोलवर किक मारून गुण मिळवण्याच्या टप्प्यात आणून ठेवला होता. नवखा किकर मॅट गे ३४ यार्डांवरून चुकला आणि सामना ३२-३१ने गेला. त्या पराभवाचं खापरही काही जण विन्स्टनवर फोडताना मी ऐकलंय, तेव्हा चाहत्यांचा न्याय कसा चालतो ते समजून घ्या.

दुसरीकडे, त्या वर्षी बकनीअर्सचा बचाव धावत्या खेळाविरुद्ध लीगमध्ये पहिला होता आणि शाकिल बॅरेटने १९.५ सॅकसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. इतकं सगळं असून टीम ७-९. मग घोडं पेंड कुठे खातंय, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मग प्रशिक्षकाने त्याला बाहेर का बसवलं नाही?

बसवून कुणाला आणणार? राखीव होता रायन ग्रिफिन. बरीच वर्षं टीमसोबत, पण २०१९चा हंगाम सुरू झाला तेव्हा लीगच्या नियमित सामन्यांत त्याच्या नावावर एकही पास नव्हता.

आणि बसवण्याचा प्रयोग आदल्या वर्षी करून झाला होता. २०१८ला विन्स्टन पहिले तीन सामने निलंबित होता. त्याच्या जागी पस्तिशीचा, दाढीवाला रायन फिट्झपॅट्रिक आला आणि सलग तीन सामन्यांत ४००हून जास्त यार्ड फेकले. गावात फिट्झपॅट्रिकचा जयजयकार. मग चौथ्या सामन्यात तो कोसळला, विन्स्टन परत आला. २८ ऑक्टोबरला सिनसिनाटीत विन्स्टनने चार इंटरसेप्शन दिली, त्याला उठवलं, फिट्झपॅट्रिकने टीमला ३४-३४पर्यंत ओढून आणलं आणि शेवटच्या किकवर सामना गेला. पुन्हा फिट्झपॅट्रिक. तीन आठवड्यांनी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने तीन इंटरसेप्शन दिली, पुन्हा विन्स्टन. ही संगीत खुर्ची वर्षभर चालली आणि टीम ५-११वर थांबली.

राखीव क्वार्टरबॅक हा गावातला सगळ्यात लाडका माणूस असतो असं अमेरिकेत म्हणतात. तो खेळत नाही, म्हणून चुकतही नाही.

चाहत्यांनी हुर्यो उडवणं योग्य आहे का?

तिकीट काढून आलेला माणूस ओरडणारच. स्टेडियममध्ये ओरडला तर माझी हरकत नाही. खेळाडूच्या घरच्यांना, मुलांना मेसेज पाठवून शिव्या देणारे वेगळे, त्यांचं समर्थन कुणीच करू नये.

विन्स्टनच्या बाबतीत रागाला आणखी एक पदर होता. २०१८चं निलंबन लीगच्या वैयक्तिक वर्तनाच्या नियमाखाली झालं होतं. २०१६मध्ये उबरच्या महिला चालकाशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल ते होतं. कॉलेजच्या दिवसांपासून त्याच्यावर गंभीर आरोपही झाले होते. अनेक चाहत्यांनी, विशेषतः बायकांनी, त्याच्यासाठी टाळ्या वाजवणं त्यामुळेच सोडलं होतं आणि त्याला इंटरसेप्शनचं कारण पुरवायची गरज नव्हती. हा राग आणि खेळावरचा राग एकाच पोत्यात भरू नये असं मला वाटतं.

टॅम्पात याआधी असं कधी झालंय?

हो, आणि साम्य बघून अंगावर काटा येईल. विनी टेस्टाव्हर्डी. हाही हाइसमन विजेता, हाही ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, १९८७चा. १९८८ला त्याने ३५ इंटरसेप्शन दिली. विन्स्टनच्या आधी एका हंगामात तिशी गाठणारा शेवटचा माणूस तोच, म्हणजे मधली तीस वर्षं हा मान कुणालाच मिळाला नाही आणि मिळाला तेव्हा पुन्हा टॅम्पालाच.

टेस्टाव्हर्डीला रंगांधळेपणा होता. गावातल्या एका रेडिओ स्टेशनने निळंशार होर्डिंग लावलं आणि त्यावर लिहिलं की विनीला हा रंग नारिंगी वाटतो. तेव्हा बकनीअर्सची जर्सी नारिंगी होती. डोळ्यांवरून चेष्टा करायची तिथली परंपरा तेवढी जुनी. हाच टेस्टाव्हर्डी पुढे १९९८ला न्यूयॉर्क जेट्सकडून २९ टचडाउन आणि फक्त सात इंटरसेप्शन असा हंगाम खेळला, टीमला सुपर बोलच्या एक सामना अलीकडे घेऊन गेला आणि २००७पर्यंत मैदानात होता.

पेटन मॅनिंगसारख्या थोर क्वार्टरबॅकनेही सुरुवातीला खूप इंटरसेप्शन दिली होती ना? थोडा धीर धरायला काय हरकत होती?

दिली होती, पहिल्या हंगामात २८. टेरी ब्रॅडशॉने १९७०ला सहा टचडाउन आणि २४ इंटरसेप्शन देऊन सुरुवात केली आणि चार सुपर बोल जिंकले. ब्रेट फार्वच्या नावावर तर कारकिर्दीत ३३६ इंटरसेप्शन आहेत, आजवरची सगळ्यात जास्त.

पण मॅनिंगची २८ पहिल्या वर्षातली होती. विन्स्टनची ३० पाचव्या वर्षातली. नवशिक्याच्या चुका वर्षागणिक कमी व्हायला हव्यात, इथे आलेख उलटा गेला. शिवाय ब्रॅडशॉच्या काळात बचाव करणारे रिसीव्हरला मैदानभर ढकलत न्यायचे. नंतर नियम पासिंगच्या बाजूने बदलत गेले आणि इंटरसेप्शनचं प्रमाण सगळीकडेच घसरलं. सगळे खाली येत असताना एकटा वर गेला की डोळ्यांत भरणारच.

विन्स्टनच्या जागी टॉम ब्रेडी आला आणि लगेच सुपर बोल जिंकला. म्हणजे चाहत्यांचंच खरं ठरलं?

बरंचसं. शेवटच्या सामन्यानंतर एरियन्स यांनी जवळपास उघडच सांगितलं होतं की याच्यासोबत जिंकता येत असेल तर दुसऱ्या कुणासोबतही नक्की जिंकता येईल. मार्च २०२०मध्ये न्यू इंग्लंडमधली वीस वर्षं आणि सहा सुपर बोल घेऊन ब्रेडी टॅम्पात आला. ७ फेब्रुवारी २०२१ला बकनीअर्सनी सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ३१-९ हरवलं, तेही स्वतःच्याच मैदानावर.

गंमत पुढच्या आकड्यांत आहे. विन्स्टनच्या २०१९मध्ये टीमने नियमित हंगामात ४५८ गुण केले होते. ब्रेडीच्या २०२०मध्ये ४९२. फरक ३४चा, सोळा सामन्यांत म्हणजे सामन्याला दोन गुण. पण खाल्लेले गुण? २०१९ला ४४९, २०२०ला ३५५. तब्बल ९४ कमी. क्वार्टरबॅक बदलला आणि सुधारणा दिसली ती बचावाच्या खात्यात! यातलं मर्म असं की पिक-सिक्सचे गुण आपल्या बचावाच्या नावावर चढतात. आणि स्वतःच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर बॉल देऊन बसलात तर जगातला कुठलाही बचाव गुण देणारच. टीमचे टर्नओव्हर ४१वरून १७वर आले.

तरी 'फक्त विन्स्टन नडत होता' हे पूर्ण खरं नाही. त्या वर्षी ब्रेडीसोबत रॉब ग्रॉन्कोव्स्की आला, ड्राफ्टमधून ट्रिस्टन वर्फ्ससारखा क्वार्टरबॅकला राखणारा तगडा टॅकल आणि अँटवान विनफील्ड ज्युनियरसारखा सेफ्टी मिळाला. या सगळ्यांसोबत विन्स्टन कसा खेळला असता, यावर टॅम्पातल्या बारमध्ये अजून वाद झडतात. त्यात पडू नका.

भारतातून सामने बघायचे तर वेळा काय?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. तिथल्या चार-साडेचारच्या सुमाराचे सामने मध्यरात्रीनंतरचे आणि रविवार रात्रीचा मोठा सामना सोमवारी पहाटे, ऑफिसच्या आधी. तुमच्या टीमचा क्वार्टरबॅक विन्स्टनसारखा असेल तर सकाळी हायलाइट्स बघा. झोप तरी वाचेल.

घरात बक्सचा चाहता आहे. सामना चालू असताना त्याच्याशी काय बोलू नये?

'समोर माणूस दिसत असताना त्याने तिकडे कशाला फेकला?' हे बोलू नये. 'जाऊ दे, खेळ आहे' हेही नको. इंटरसेप्शननंतरची दोन मिनिटं चहा ठेवायला उत्तम असतात, कारण त्या वेळात जाहिराती लागतात.

विन्स्टनचं पुढे काय झालं?

२०१९ला त्याचा पगार होता सुमारे २ कोटी ९ लाख डॉलर. २०२०ला न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी त्याला ११ लाख डॉलरमध्ये घेतलं, ड्रू ब्रीझच्या हाताखाली राखीव म्हणून. जानेवारी २०२१च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गाठ पडली नेमकी टॅम्पाशी. एका फसव्या चालीत विन्स्टन मैदानात आला आणि ५६ यार्डांचा टचडाउन फेकून गेला. त्या सामन्यात तीन इंटरसेप्शन दिली ती ब्रीझने, आणि टॅम्पा ३०-२०ने जिंकली.

२०२१ला तो सेंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि सात सामन्यांत १४ टचडाउन, फक्त तीन इंटरसेप्शन. सुधारला म्हणेपर्यंत ३१ ऑक्टोबरला गुडघ्याचा लिगामेंट फाटला, समोर पुन्हा टॅम्पाच. मग २ डिसेंबर २०२४, क्लीव्हलँड ब्राउन्सकडून डेन्व्हरविरुद्ध: ४९७ यार्ड, चार टचडाउन, तीन इंटरसेप्शन, त्यातले दोन पिक-सिक्स, ४१-३२ हार. सामन्यानंतर तो म्हणाला की पिक-सिक्सपासून सोडव म्हणून मी देवाकडे प्रार्थना करतोय. २०२५ला तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला.

फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर घरबसल्या खेळायच्या खेळात) असा क्वार्टरबॅक घ्यावा का?

डोळे मिटून. बहुतेक लीगमध्ये पासिंगच्या २५ यार्डांना एक गुण, टचडाउनला चार, आणि इंटरसेप्शनला कुठे एक तर कुठे दोन गुण वजा. विन्स्टनचं २०१९ मांडून बघा: यार्डांचे २०४, टचडाउनचे १३२, आणि कडक नियम लावला तरी इंटरसेप्शनचे वजा ६०. उरले २७६, आणि यात फंबल व पळून मिळवलेले गुण धरलेलेच नाहीत. खऱ्या टीमला बुडवणारा हंगाम फँटसीवाल्यांना मालामाल करून गेला. फक्त शेजारी बक्सचा चाहता बसलेला असेल तर हा हिशोब मोठ्याने करू नका.